जुन्या डेस्कटॉपची रॅम: दोष स्टिकचा, स्लॉटचा की बोर्डाचा?

जुना पीसी अडखळायला लागला की पहिलं बोट रॅमकडे जातं. कधी ते बरोबर असतं, बरेचदा नसतं. 'रॅमचा प्रॉब्लेम' म्हणून जे सांगितलं जातं त्यात तीन वेगळी दुखणी एकत्र कोंबलेली असतात. एक, रॅम पुरत नाही. दोन, बसवलेली रॅम पूर्ण दिसत नाही. तीन, रॅम चुकीचं लक्षात ठेवते. पहिल्यात मशीन रेंगाळतं, पण काम बरोबर करतं. दुसऱ्यात ८ जीबी बसवूनही ४ किंवा ३.२५ जीबीच दिसतात. तिसरं सगळ्यात वाईट, कारण त्यात फाइली गुपचूप बिघडतात. एकावरचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. म्हणून कॅबिनेट उघडण्याआधी आपलं दुखणं यातलं कोणतं, ते ठरवा.

पुरत नाही

हे ओळखायला पाच मिनिटं पुरतात. नेहमीचं काम चालू असताना टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा आणि 'कमिटेड' (प्रोग्रॅमना देऊ केलेली एकूण मेमरी) समोरचे दोन आकडे बघा. पहिला आकडा बसवलेल्या रॅमच्या बराच वर गेलाय आणि हार्डडिस्कचा दिवा सतत जळतोय, तर रॅम कमी पडतेय. 'कॅश्ड'चा आकडा मोठा दिसला म्हणून घाबरू नका. मोकळ्या रॅममध्ये विंडोज फाइली धरून ठेवतं आणि गरज पडली की सोडून देतं.

मशीन सकाळी चांगलं चालतं आणि संध्याकाळपर्यंत जड होतं, असं असेल तर एखादा प्रोग्रॅम रॅम घेऊन परत देत नाहीये. यादी मेमरीनुसार लावली की तो वर येतो. कुठलाच प्रोग्रॅम मोठा दिसत नाही आणि 'नॉनपेज्ड पूल' (ड्रायव्हर वगैरेंची डिस्कवर न हलवता येणारी मेमरी) मात्र फुगत फुगत जीबीत पोचलाय, तर चोर म्हणजे एखादा ड्रायव्हर, बहुतेक नेटवर्कचा किंवा अँटिव्हायरसचा. इथे नवी रॅम टाकली तर ती भरायला थोडा जास्त वेळ लागेल, एवढाच फरक पडेल.

पूर्ण दिसत नाही

इथे एकाच प्रश्नावर वाट फुटते: बायोसमध्ये, म्हणजे विंडोजआधी चालणाऱ्या मदरबोर्डाच्या स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये, किती दिसते? चालू करताना डिलीट किंवा एफ२ दाबून आत जा आणि पहिल्या पानावरचा मेमरीचा आकडा वाचा. बायोसला पूर्ण दिसत असेल तर स्टिक (रॅमचं कार्ड) काढ-घाल करण्यात अर्थ नाही, अडचण विंडोजमध्ये किंवा बायोसच्या सेटिंगमध्ये आहे.

विंडोजमधलं नेहमीचं कारण म्हणजे ३२ बिट आवृत्ती. ३२ बिटांत ४ जीबीएवढेच पत्ते बसतात, आणि त्यातलेच काही ग्राफिक्स कार्ड, नेटवर्क वगैरे उपकरणांना द्यावे लागतात. उरतात साधारण ३ ते ३.५ जीबी. ग्राफिक्स कार्डावर मेमरी जास्त तेवढा हा आकडा खाली. ६४ बिट विंडोज टाकल्याशिवाय यावर उपाय नाही. ६४ बिटलाही आवृत्तीप्रमाणे मर्यादा आहेत: विंडोज ७ होम बेसिक ८ जीबीपर्यंत, होम प्रीमियम १६ पर्यंत.

दुसरं कारण हमखास नजरेतून सुटतं. एमएसकॉन्फिग या विंडोजच्या सेटिंग-खिडकीत बूट, मग अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, तिथे 'मॅक्सिमम मेमरी' नावाची चौकट असते. 'याने पीसी फास्ट होतो' असं कुणीतरी सांगितलं म्हणून तिथे टिक केलेली सापडते. टिक काढा, रीस्टार्ट करा. ही चौकट वेग वाढवण्यासाठी नाहीच, रॅम मुद्दाम कमी करून सॉफ्टवेअर तपासायला दिलेली आहे.

बायोसला पूर्ण दिसते, विंडोज ६४ बिट आहे आणि तरी ३.२ जीबीच वापरता येतात, तर बायोसमध्ये 'मेमरी रिमॅप' नावाचा पर्याय शोधून चालू करा. इंटेल ९४५ चिपसेटच्या (चिपसेट म्हणजे बोर्डावरच्या मुख्य नियंत्रक चिपा) बोर्डांवर मात्र हा पर्याय सापडणार नाही. तो चिपसेट ४ जीबीच्या वरचे पत्ते देऊच शकत नाही, त्यामुळे चारपैकी तीन-सव्वातीनवर समाधान मानायचं. २५६ किंवा ५१२ एमबीच कमी पडत असतील तर त्या ऑनबोर्ड ग्राफिक्सने घेतल्यात, तो दोष नव्हे.

बायोसलाच कमी दिसते, तर मामला हार्डवेअरचा. एक स्टिक नीट बसलेली नाही, स्लॉट गेलाय, किंवा स्टिक त्या बोर्डाला चालणारीच नाही. आणखी एक शक्यता लोकांच्या लक्षात येत नाही: प्रोसेसर. इंटेलच्या कोअर २ पिढीपर्यंत रॅम सांभाळणारा कंट्रोलर बोर्डावरच्या नॉर्थब्रिज चिपमध्ये होता. कोअर आय मालिकेपासून तो प्रोसेसरच्या आत गेला, एएमडीने तर २००३ च्या अॅथलॉन ६४ पासूनच तो आत घेतला होता. त्यामुळे अशा मशीनवर एका चॅनेलचे (रॅम आणि कंट्रोलरमधल्या एका वाटेचे) दोन्ही स्लॉट एकदम मेलेले दिसले, तर प्रोसेसरच्या सॉकेटमधली एखादी पिन वाकलेली असू शकते, किंवा हीटसिंक एका बाजूला जास्त आवळला गेलेला असू शकतो. चार स्क्रू तिरपे तिरपे, थोडे थोडे करून सारखे आवळा आणि पुन्हा बघा. कूलर बदलल्यावर लगेच रॅम अर्धी झाली असेल तर आधी हेच करा.

चुकीचं लक्षात ठेवते

याची खूण म्हणजे बेभरवशाचं वागणं. ब्ल्यू स्क्रीन येतो आणि दर वेळी त्यावरचं नाव वेगळं असतं: आज 'मेमरी मॅनेजमेंट', उद्या 'पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया', परवा 'आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल'. दर वेळी तेच नाव आणि खाली त्याच ड्रायव्हरची फाइल येत असेल तर आधी तो ड्रायव्हर बदला. नाव बदलत असेल तर संशय रॅमवर.

आणखी काही खुणा आहेत. मोठी झिप उघडताना सीआरसी एरर (फाइल बिघडल्याचा इशारा) येतो, पण तीच झिप दुसऱ्या पीसीवर सुरळीत उघडते. विंडोज टाकताना कॉपी अडते आणि दर वेळी वेगळ्याच फाइलवर अडते. स्लीपमधून उठताना मशीन कोसळतं. संशयाची खात्री करायला एक सोपी चाचणी आहे: रॅमपेक्षा मोठी एखादी फाइल घ्या, म्हणजे ४ जीबी रॅम असेल तर ६-७ जीबीची, आणि तिचा हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारी ठशासारखी ओळ, तीन वेळा काढा. तिन्ही वेळा अक्षर न् अक्षर तेच यायला हवं. फाइल मोठीच घ्यायची, कारण लहान फाइल पहिल्या वाचनानंतर रॅममध्येच राहते आणि पुढच्या दोन्ही वेळा तिचीच प्रत वाचली जाते. मोठी फाइल दर वेळी डिस्कवरून नव्याने येते आणि रॅमच्या बऱ्याच भागातून फिरून जाते. उत्तर बदललं तर वाटेत कुणीतरी बिट उलटवतंय. रॅम असेल, क्वचित डिस्कची केबल किंवा कंट्रोलर.

असं दिसलं की त्या मशीनवर लिहिण्याचं काम थांबवा. डीफ्रॅग नको, चेकडिस्कची (डिस्क तपासणाऱ्या विंडोजच्या साधनाची) दुरुस्ती नको, विंडोज अपडेट नको. डिस्कवर जाणारी प्रत्येक गोष्ट रॅममधून जाते. रॅम बिघडलेली असताना 'दुरुस्ती' केली तर चांगल्या फाइलीही बिघडतात. बॅकअपसुद्धा याच मशीनवर घेऊ नका. डिस्क काढून दुसऱ्या पीसीला लावा आणि तिथून कॉपी करा.

आधी साफसफाई

जुन्या मशीनमध्ये रॅमची चिप मरण्यापेक्षा सोनेरी पट्ट्यांवरचा संपर्क बिघडणं जास्त दिसतं. धूळ, दमट हवा, वर्षानुवर्षं गरम-थंड होणं, यांमुळे स्टिक स्लॉटमध्ये किंचित सरकते आणि पट्ट्यांवर पातळ थर चढतो. म्हणून पैसे खर्चण्याआधी अर्धा तास यावर घालवा.

शटडाउन करून भागत नाही, एसएमपीएसची (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याची) वायर भिंतीपासून काढा. वायर लावलेली असेल तर मशीन बंद असतानाही बोर्डावर ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा चालू असतो. काही बोर्डांवर स्लॉटजवळ छोटा एलईडी असतो, तो जळत असताना रॅम ओढली तर स्टिक जाऊ शकते. वायर काढल्यावर पॉवरचं बटन दहा सेकंद दाबून धरा. कॅपॅसिटरमधला चार्ज उतरतो, कधी पंखा क्षणभर हलतो आणि तो एलईडीही विझतो. मग कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावा, आणि काम करताना अधूनमधून लावत राहा. गालिच्यावर बसून किंवा लोकरी कपड्यात हे काम करू नका.

कोणती स्टिक कुठल्या स्लॉटमध्ये होती त्याचा फोटो काढा. दोन्ही टोकांचे खटके बाहेर ढकलले की स्टिक आपोआप वर येते. काही बोर्डांवर एकाच टोकाला खटका असतो, दुसरं टोक नुसतं खोबणीत असतं. तिथे दुसरा खटका शोधत प्लास्टिक मोडू नका. ग्राफिक्स कार्ड आड येत असेल तर आधी ते काढा.

पट्ट्या पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा, ९० टक्के किंवा त्याहून तीव्र. धागे न सुटणारं कापड भिजवायचं, निथळवायचं, आणि पट्ट्यांच्या लांबीच्या दिशेने, म्हणजे स्टिककडून कडेकडे, पुसायचं. आडवं घासलं तर कापड पट्टीच्या कडेत अडकतं. दोन्ही बाजू पुसा आणि पाच मिनिटं वाळू द्या. खोडरबराचा उपाय सगळ्यांना माहीत आहे आणि तो चालतोही, पण जपून. सोन्याचा मुलामा फार पातळ असतो. मऊ पांढरं खोडरबर दोन-तीनदा हलकेच फिरवा, शाई खोडायचं खरखरीत रबर चुकूनही नको, आणि रबराचा चुरा बोर्डापासून लांब झटका. तो स्लॉटमध्ये पडला की नवीन डोकेदुखी. अत्तर, डिओ, तेलकट स्प्रे यांतलं काहीही पट्ट्यांना लावू नका, मागे राहणारा थर धूळ धरतो.

स्लॉट साफ करायला हवेचा डबा किंवा कोरडा, मऊ ब्रश. तोंडाने फुंकर मारली की थुंकीचा शिंतोडा जातोच. टॉर्च धरून स्लॉटमध्ये बघा: सगळे संपर्क एका ओळीत, एकाच उंचीवर दिसायला हवेत. एखादा आत दबलेला किंवा काळा पडलेला दिसला तर तो स्लॉट सोडून द्या.

बसवताना आधी खाच जुळवा. मग दोन्ही अंगठे दोन टोकांवर ठेवून सरळ खाली दाबा, 'टक' असा आवाज होऊन खटके स्वतःहून आत यायला हवेत. खटके हाताने लावावे लागत असतील तर स्टिक पूर्ण बसलेली नाही. जोर अंदाजापेक्षा जास्त लागतो, म्हणूनच स्टिका अर्ध्या बसलेल्या सापडतात.

डिस्प्लेच येत नसेल

पंखे फिरतात, पडदा काळा. बोर्डाला छोटा स्पीकर जोडा. बऱ्याच कॅबिनेटमध्ये तो नसतोच, आणि मग बीप होतेय की नाही हे कळायला मार्ग राहत नाही. अवॉर्ड बायोस रॅमबद्दल लांब बीप पुन्हा पुन्हा देतं. एक लांब आणि दोन छोट्या म्हणजे ग्राफिक्सची तक्रार. एएमआय बायोसच्या एक, दोन किंवा तीन छोट्या बीप मेमरीकडे बोट दाखवतात. मात्र मशीन नीट सुरू होताना येणारी एकच छोटी बीप सर्व ठीक असल्याची असते, तिची गल्लत करू नका.

सगळ्यात उपयोगी चाचणी उलटी आहे: सगळी रॅम काढा आणि मशीन चालू करा. बोर्ड, प्रोसेसर आणि एसएमपीएस जिवंत असतील तर बोर्ड रॅम नसल्याबद्दल ओरडला पाहिजे. ओरडला तर पुढचा शोध रॅम आणि स्लॉटपुरता. रॅम नसतानाही तो गप्प असेल तर रॅम बदलून काही होणार नाही.

याच टप्प्यावर सीमॉस (बायोसच्या सेटिंग जपणारी मेमरी) क्लिअर करून बघा. वायर काढलेली असताना 'क्लिअर सीमॉस'चा जंपर दहा सेकंद लावा, किंवा सीआर२०३२ सेल काढून पाच मिनिटं थांबा. बायोसमध्ये जाता येत असेल तर त्याआधी साटा मोड (डिस्कशी बोलण्याची पद्धत) आयडीई आहे की एएचसीआय, ते लिहून ठेवा. क्लिअर केल्यावर तो बदलला तर विंडोज चालू होताना ब्ल्यू स्क्रीन देतं, आणि रॅम बरी झालेली असूनही आपण पुन्हा रॅमलाच दोष देत बसतो. सेल तेव्हाच मोजून घ्या. नवा ३ व्होल्टच्या किंचित वर असतो, २.७ च्या आसपास आला असेल तर बदलून टाका.

मेमटेस्ट लावणं आणि वाचणं

विंडोजमध्ये 'विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक' आयतं आहे. स्टार्टमध्ये शोधा, रीस्टार्ट होऊ द्या, चाचणी सुरू झाल्यावर एफ१ दाबून 'एक्स्टेंडेड' निवडा. निकाल इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, विंडोज लॉग्ज, सिस्टिम इथे 'मेमरी डायग्नॉस्टिक्स रिझल्ट्स' या नावाखाली सापडतो. त्याने दोष दाखवला तर दोष आहे, असं धरा. त्याने पास केलं म्हणून मात्र रॅम सुटली असं नाही.

भरवशाचं हत्यार म्हणजे मेमटेस्ट८६ प्लस. पेनड्राइव्हवर टाकून त्यावरूनच बूट करायचं, त्यामुळे विंडोजने अडवलेली रॅमही तपासली जाते. नाव सारखं असलेलं पासमार्कचं मेमटेस्ट८६ वेगळं आहे. त्याच्या अलीकडच्या आवृत्त्यांना यूईएफआय (बायोसची नवी पिढी) लागतं, म्हणून जुन्या बायोसच्या बोर्डावर त्या बूटच होत नाहीत. 'प्लस'ची ६ आणि त्यापुढची आवृत्ती दोन्हींवर चालते. पेनड्राइव्ह मागच्या यूएसबी २ पोर्टला लावा आणि बायोसमध्ये ओव्हरक्लॉक, एक्सएमपी असं वेग वाढवणारं काही चालू असेल तर ते बंद करून पहिली फेरी घ्या.

एका पासवर (पूर्ण फेरीवर) समाधान मानू नका. निदान चार पास, शक्यतो रात्रभर चालू ठेवा. काही दोष स्टिक तापल्यावरच दिसतात, त्यामुळे कॅबिनेटचं झाकण लावून चाचणी घेणं बरं. आणि निकष एकच: चुका शून्य. 'रात्रभरात दोनच एरर आले' म्हणजे रॅम नापास.

एरर आला की नुसते लाल रंगाकडे बघत बसू नका, ओळ वाचा. पत्ता कोणता, अपेक्षित काय होतं, सापडलं काय. समजा अपेक्षित ०००००००० आणि सापडलं ०००००००४, आणि खालच्या दहा ओळींतही तेच ४, पत्तेही जवळजवळचे. म्हणजे एकच बिट अडकलंय. चिपमधला एक तुकडा मेलाय, स्टिक टाकाऊ. उलट पत्ते कुठलेही, बिटंही कुठलीही, ओळी धबधब्यासारख्या पडताहेत, तर संपर्क, व्होल्टेज किंवा कंट्रोलर यांच्याकडे वळा. सगळ्या रॅमचे सगळे सेल एका रात्रीत मरत नाहीत.

एका वेळी एकच बदल

दोन स्टिका आहेत असं धरू, अ आणि ब. दोन्ही एकत्र नापास झाल्या. आता फक्त अ, पहिल्या स्लॉटमध्ये. मग फक्त ब, त्याच स्लॉटमध्ये. स्लॉट बदलायचा नाही, नाहीतर कशामुळे फरक पडला ते कळणार नाही. अ पास, ब नापास, तर ब दोषी. पण निकाल देण्याआधी ब पुन्हा पुसून एकदा दुसऱ्या स्लॉटमध्ये तपासा. दोष तिच्यामागे तिथेही गेला तरच फेका.

दोन्ही त्या स्लॉटमध्ये नापास झाल्या आणि दुसऱ्यात पास, तर स्लॉट दोषी. दोन्ही कुठेही एकेकट्या पास होतात आणि जोडीने नापास होतात, हा प्रकार जुन्या मशीनवर नेहमीचा, आणि इथेच चांगल्या स्टिका कचऱ्यात जातात. एक स्टिक १६०० वेगाची, दुसरी १३३३ ची, दोन कंपन्यांच्या, बोर्ड दोघींना पटेल असं टायमिंग काढायला बघतो आणि ते एकीला झेपत नाही. बायोसमध्ये वेग हाताने एक पायरी खाली आणा: १३३३ चा १०६६, किंवा ८०० चा ६६७. तेवढ्याने भागलं नाही तर व्होल्टेज किंचित वाढवा. डीडीआर३ पिढीच्या रॅमचं ठरलेलं १.५ व्होल्ट असतं, ते १.५५ करून बघा. डीडीआर२ चं १.८, ते १.९ पर्यंत. याच्या पुढे जाऊ नका. चारही स्लॉट भरले की कंट्रोलरवरचा भार वाढतो, तेव्हा वेग कमी करणं हाच सरळ मार्ग. एक पायरी कमी केल्याने रोजच्या कामात फरक जाणवत नाही.

दर फेरीचा निकाल कागदावर लिहा: स्टिक, स्लॉट, वेग, पास की नापास. चार स्टिका आणि चार स्लॉट असले की तिसऱ्या फेरीनंतर डोक्यात गोंधळ होतोच.

सगळ्या स्टिका सगळ्या स्लॉटमध्ये नापास होत असतील तर रॅमला सोडा. बोर्डावर स्लॉट आणि प्रोसेसर यांच्या आसपासचे कॅपॅसिटर बघा. त्यांचं डोकं सपाट असायला हवं. फुगलेलं, फाटलेलं किंवा तपकिरी चिकट काही गळालेलं दिसलं तर रॅमला स्वच्छ वीज पोचत नाहीये. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतल्या बोर्डांवर हे सर्रास दिसतं. मग एसएमपीएस मोजा, मशीन चालू असताना, मोलेक्स (चार पिनांच्या) कनेक्टरवर: काळी वायर सामायिक, पिवळीवर ११.४ ते १२.६ व्होल्ट, लालवर ४.७५ ते ५.२५. आकडे बरोबर आले तरी एसएमपीएस निर्दोष ठरत नाही, कारण साध्या मल्टिमीटरला वीजपुरवठ्यातली थरथर दिसत नाही. दुसरा चांगला एसएमपीएस लावून मेमटेस्ट घेतली की शंका मिटते.

दुसरी स्टिक घेताना

खाचेची जागा बघा. डीडीआर२ आणि डीडीआर३ दोन्ही २४० पिनांच्या, पण खाच वेगळ्या जागी; बसत नसेल तर दाबू नका, ती त्या बोर्डाची नाही. डीडीआर १८४ पिनांची, डीडीआर४ २८८ ची. लेबलावरच्या आकड्यांनी गोंधळ होतो: पीसी३-१२८०० म्हणजे डीडीआर३ १६००, पीसी३-१०६०० म्हणजे १३३३, पीसी२-६४०० म्हणजे डीडीआर२ ८००. मोठ्या आकड्याला आठने भागलं की वेग मिळतो. सीपीयू-झेड या हार्डवेअरची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मात्र १३३३ ची स्टिक ६६७ दिसते. तो खरा क्लॉक आहे, डीडीआर एका ठोक्यात दोनदा माल नेते. स्टिक अर्ध्या वेगाने चालतेय असं समजून बदलू नका.

आता खरी फसगत. स्टिकवर किती चिप आहेत ते मोजा. जी४१ चिपसेटच्या डीडीआर३ बोर्डाला ४ जीबीची स्टिक चालते, पण दोन्ही बाजूंना मिळून १६ चिप असलेली. लेबलवर तिथे २आर×८ असं काही असतं. एकाच बाजूला ८ चिप असलेली ४ जीबीची स्टिक, म्हणजे १आर×८, त्यातल्या दाट चिप हा चिपसेट वाचू शकत नाही. पडदा काळा राहतो आणि दुकानदार म्हणतो, 'माझ्याकडे तर चालते.' दोघंही खरं बोलत असतात. तसंच 'फक्त एएमडीसाठी' म्हणून स्वस्तात विकल्या जाणाऱ्या स्टिका इंटेल बोर्डावर चालत नाहीत. आणि सर्व्हरमधून काढलेली रजिस्टर्ड ईसीसी रॅम खाचेत अगदी छान बसते, किंमतही मोहात पाडते, पण साध्या डेस्कटॉपवर ती चालू होत नाही. एका बाजूला आठऐवजी नऊ चिप दिसल्या, तर विचारून घ्या.

नवी स्टिक बसवली की विंडोजमध्ये जाण्याआधी पुन्हा मेमटेस्ट, पुन्हा रात्रभर. ती शून्य चुकांनी पास झाली की मग चेकडिस्क, त्यानंतर एसएफसी (विंडोजच्या फाइली तपासून दुरुस्त करणारं साधन), याच क्रमाने, कारण एसएफसी ज्या डिस्कवर फाइली दुरुस्त करून लिहिणार ती आधी ठीक हवी. विंडोज ८ किंवा पुढचं असेल तर पहिल्यांदा 'शटडाउन' नको, 'रीस्टार्ट' करा: फास्ट स्टार्टअप चालू असताना शटडाउन केलं की रॅममधल्या विंडोजच्या गाभ्याची प्रत डिस्कवर ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत उचलली जाते. खराब रॅमच्या काळातली बिघडलेली प्रत चांगल्या रॅमवर चढवायची नाही. एसएफसीने दुरुस्त न झालेल्या फाइलींची यादी लांबलचक निघाली तर विंडोज नव्याने टाकणं कमी वेळाचं पडतं.

खराब ठरलेल्या स्टिकवर मार्करने मोठी फुली मारा. नाहीतर ती खणात जाते, आणि दोन वर्षांनी 'एक एक्स्ट्रा रॅम पडलीये' म्हणून दुसऱ्या मशीनमध्ये बसवली जाते.